उतरणं फुकट

तिबिलिसीच्या ग्लदानी भागात
एका सोळा मजली इमारतीची लिफ्ट
वीस टेट्रींचं नाणं गिळल्याशिवाय जागची हलत नाही.
उतरणं मात्र फुकट.

ओतिया खाली फाटकाशी अक्रोड विकतो.
मझियानं दोन किलो घेतले, दोनदा मोजून
(तीस वर्षं ओळखते ती त्याला, म्हणून दोनदा)
आणि पिशवी नातवाकडे दिली.

बाचोच्या खिशात आजोबांचा ताणकाटा,
मासे टांगायचा. आकड्याला अजून
कुठल्याशा जुन्या माशाचा खवला चिकटलेला.
त्यानं पिशवी अडकवली, हाताला चाळा म्हणून.
नाणं खणकलं, दार मिटलं,
लिफ्टनं वर जायला अंग उचललं
आणि काटा सरकला:
दोन किलो शंभर.

"आजी, अक्रोड वाढले!"

मग तिसरा, चौथा, पाचवा,
लिफ्ट भरात, दोर कुंथतायत,
आणि काटा निमूट दोनवर.
दहाव्याशी लिफ्टनं पाय आखडता घेतला तेव्हा
एक किलो नऊशे.
"आता कमी झाले," बाचो म्हणाला.
हे मात्र मझियाला लगेच पटलं.

तशीच ती खाली.
"शंभर ग्रॅम," ओतियासमोर हात पसरून.
"कुठले शंभर?"
"वाटेत गेलेले."

ओतिया भांडला नाही.
तराजू उचलला, लोखंडी वजनं उचलली,
गिऱ्हाइकाला तिथंच उभं ठेवलं,
पदरचं नाणं टाकलं.
एका पारड्यात अक्रोड, एकात लोखंड.
लिफ्ट निघाली: ताणकाटा शंभरनं वर,
तराजू ढिम्म.
लिफ्ट थांबायला आली: ताणकाटा शंभरनं खाली,
तराजू ढिम्म.

"बघा. माझा खरा."
"दोन्ही खरे," बाचो म्हणाला,
"तुमचं लोखंडही जड झालं ना, अक्रोडांएवढंच."

ओतियानं किलोचं वजन तळहातावर घेतलं
आणि असं पाहिलं त्याच्याकडे,
जणू इतकी वर्षं खिशात बाळगलेला दगड
आज पहिल्यांदा खोकला.

"मग मधे का नाही वाढत?
मधे तर जोरात जातो आपण."

बाचोला नीट सांगता येईना.
"जोरात जाण्याचं काही नसतं.
निघण्याचं असतं.
आणि थांबण्याचं."

मझिया आकड्यावरचा खवला नखानं सोडवू लागली.
मग तसाच राहू दिला.

खालून दारावर थापा:
पाचव्यावरचा व्हाख्तांग, खांद्यावर गालिचा, तोंडात शिव्या.
तरी ते आणखी चार खेपा वर गेले.
ऐंशी टेट्री. हिशेब ओतियानं ठेवला,
मागितला नाही.

रात्री अकराला
सपाता सरकवून, न्हाणीघरातला वजनकाटा काखेत मारून
मझिया एकटीच लिफ्टमध्ये शिरली.
दहाव्यावर, स्थिर: बहात्तर.
तळमजल्याचं बटण दाबलं.
पायांखालून कुणी हलकेच काहीतरी
काढून घेतल्यासारखं झालं,
आणि अडुसष्ट, वर थोडं.

साडेतीन किलो!
एकाही डॉक्टरला न जमलेलं,
एका श्वासापुरतं.

मग बहात्तर, बहात्तर, बहात्तर.
तळाशी लिफ्टनं टाचा रोवल्या
आणि दिलं तेवढं वसूल केलं: पंचाहत्तर,
वर थोडं.

ती मोठ्यानं हसली.
हसण्याला लिफ्टच्या पत्र्याचा आवाज आला.
एप्रनचा खिसा चाचपला. दुसरा चाचपला.
वर जायला नाणं नव्हतं.

सहाव्याच्या वळणावर, धापा टाकत,
तिनं काटा फरशीवर ठेवला
आणि कुणी पाहत नाहीसं बघून चढून उभी राहिली.
घामानं पाठ चिंब,
तरी बहात्तर.